शेंगांचा सरवा

उल्का साळुंखे फार शांत आहे, असं सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळात सगळे म्हणतात. शांत! ती रागावलेली ओळखता येत नाही, एवढंच. मी क्लेमेंटीत तिच्याच ब्लॉकमध्ये राहते, मला येते. ती रागावली की भांडी घासायला घेते, घासलेली भांडीसुद्धा.

ती मूळची कराडकडची. जुरोंग ईस्टला एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघते आणि शनिवारी मंडळाच्या मुलांना मराठी शिकवते. गावाकडे त्यांना स्वतःची जमीन नव्हती. भुईमुगाच्या हंगामात तिची आई सरवा वेचायची. मालकानं शेंगा काढून नेल्या की मातीत थोड्या राहतात. त्या बोटांनी उकरून गोळा करायच्या, तो सरवा. त्याचीही रीत होती. शेवटची गाडी भरून गेल्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही. बांधावर उभं राहून विचारायचं, "मालक, येऊ का?" तो 'या' म्हणाला की मगच आत. ओचा खोचून त्यात शेंगा भरायच्या. त्या शेंगांवर घरातली पोरं वाढली. उल्का हे लाजून सांगत नाही आणि मिरवूनही सांगत नाही.

२०१४च्या गणपतीत मुलांचं छोटं नाटक तिनंच लिहिलं. भुईमूग घरात येईपर्यंत त्याला कोणाकोणाचे हात लागतात, एवढीच गोष्ट. नांगरणारा, पेरणारी, खुरपणारी, राखणदार, शेंगा तोडणारी आणि शेवटी सरवा वेचणारी. आमच्या पोरांना 'फार्मर' हा एकच शब्द माहीत, त्यामुळे एकाची इतकी माणसं झालेली बघून त्यांना मजाच वाटली. सरवा वेचणारीचं काम चैत्रालीनं हट्टानं मागून घेतलं. चैत्राली म्हणजे मंडळाचे अध्यक्ष निशिकांत यांची मुलगी.

रंगीत तालमीला निशिकांत बुकित तिमाहहून मुद्दाम आले. शेवटपर्यंत हसतमुखानं बसले आणि मग म्हणाले, "उल्काताई, बाकी सुंदर आहे. फक्त ते शेवटचं काढून टाकू या. दुसऱ्याच्या शेतात पडलेलं वेचायचं, भीक मागितल्यासारखं दिसतं हो. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून बळीराजाचा जयजयकार करू दे. पॉझिटिव्ह वाटेल."

पॉझिटिव्ह! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भीक नाही ती," उल्का म्हणाली. "मालकाला विचारून वेचतात. दिवसभर माती उकरावी लागते."

"ते तुम्हाला-मला कळतं. पण बाहेरचे पाहुणे असणार. आपल्या लोकांचं हेच दाखवायचं का?"

म्हणजे उल्काची आई आपल्या लोकांत नव्हतीच! कमिटीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. निशिकांतची बायको साधना म्हणाली, "चैत्रालीला फेटा बांधू, क्यूट दिसेल." मी तोंड उघडलं तर उल्कानं माझा हात दाबला. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि माझीही भांडी घासून गेली.

नाटक झालं. लिटल इंडियातून आणलेल्या शेंगा स्टेजभर सांडल्या होत्या, मुलांनी जयजयकार केला, टाळ्या पडल्या. निशिकांत माइकवर आभार मानायला उभे राहिले. तेवढ्यात हिरव्या रेशमी साडीतली उल्का स्टेजच्या पायरीपाशी जाऊन थांबली.

"मालक, येऊ का?" तिनं खणखणीत आवाजात विचारलं.

निशिकांत हसले. "या, या! तुमचंच स्टेज आहे."

ती वर गेली, ओचा खोचला, खाली बसली आणि एकेक शेंग वेचू लागली. लोकांना वाटलं, बाई आवराआवर करतायत. साधना पहिल्या रांगेतून म्हणाली, "अगं उल्का, राहू दे ना, क्लीनर अंकल येतील."

"साफ नाही करत, साधना. सरवा वेचतेय. माझी आई असाच वेचायची." माइक जवळच होता. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

निशिकांतना आभाराचं पुढचं नाव सापडेना. तेवढ्यात विंगेतून चैत्राली आली. फेटा तिनं काढून हातात घेतला होता.

"टीचर, धिस वन माय पार्ट लाह," ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली.

"चैत्राली, गो बॅक," निशिकांत माइक झाकून म्हणाले.

पोरगी मागे गेली नाही आणि पुढेही आली नाही. स्टेजच्या कडेला थांबली, बापाकडे बघितलं आणि तालमीत पाठ केलेलं वाक्य जोरात म्हणाली, "मालक, येऊ का?"

उल्कानं मान वर केली नाही. तिला रीत माहीत होती, पोरीलाही तिनंच शिकवली होती. 'या' ऐकल्याशिवाय चैत्राली आत पाऊल टाकणार नव्हती. निशिकांतनी माइक दुसऱ्या हातात घेतला. सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"अहो, पोरगी उभी आहे, बोला की!" मी दुसऱ्या रांगेतून ओरडले. हात दाबायला उल्का शेजारी नव्हती.

"ये," निशिकांत म्हणाले, आणि माइक ठेवून खाली उतरले.