भिंतीपासून सुटलेलं डोकं

पोचमपल्लीच्या अंजय्या विणकराचा जन्म मागावर वाकून गेला. उद्या लग्नात भाचीला बांबूच्या टोपलीत बसवून मांडवात न्यायचं होतं. तो मान मामाचाच. पाठ साथ देईल का, हे बघायला तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. टाचा टेकल्या, खांदे कसेबसे टेकले. डोकं मात्र चार बोटं पुढेच राहिलं. त्यानं हनुवटी वर करून ते टेकवलं.

"अहो, आढ्यातले कोळी मोजताय का?" बायको यादम्मा म्हणाली. "हनुवटी खाली घ्या. भिंतीला काय फसवायचं?"

हनुवटी खाली आली, तसं डोकं सुटलं. त्यानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. यादम्माचं हसू मावळलं.

"माझ्या धाकट्या भावाला सांग," तो खाली बघत म्हणाला, "टोपली त्यानंच उचलावी."