शिवण अर्ध्यात सोडायची नाही

काल, मंगळवारी, सकाळी दहा वाजून अठरा मिनिटांनी फोन वाजला आणि मी तो उचलला नाही.

मी ट्रॅक्टरच्या हूडची, म्हणजे वरच्या कापडी छताची, लांब शिवण टाकत होतो. साडेनऊ फूट. निम्मी झाली होती.

स्क्रीनवर काकूंचं नाव दिसलं. म्हटलं, एवढी संपवतो आणि करतो.

दहा चोवीसला फोन केला. त्यांच्या शेजारच्या ताईंनी उचलला.

"गोपाल, मनोहर काका गेले रे. आत्ताच. सकाळपासून तुह्यंच नाव घेऊन राह्यले होते."

डोणगावात ज्यांनी हूड, ताडपत्री, गाडीची सीट शिवून घेतली, त्यांना मनोहर काका माहीत आहेत. बाकीच्यांसाठी सांगतो. ते माझे उस्ताद. रक्ताचं नातं काही नाही. मी नववीत शाळा सोडली आणि त्यांनी मला मशीनवर बसवलं.

पहिले सहा महिने माझी एकही शिवण सरळ आली नाही. जाड कापडाचे चार पदर सुईखालून जाताना एका बाजूला ओढले जायचे. मी घाबरून सुईवर डोळे लावून बसायचो.

"सुईकडे काऊन पाहून राह्यला बे? पळून चालली का ते?"

"मग कुठं पाहू काका?"

"काठाकडे. काठ पट्टीले लागून चालला का, तेवढंच पाह्य. सुई तिचं काम करते."

पट्टी म्हणजे गाईड. सुईपासून अर्ध्या इंचावर बसवायची. कापडाचा काठ तिला घासत गेला की शिवण सरळ येते. आमच्या मशीनची गाईड कधीच तुटली होती. काकांनी भंगारवाल्याकडून जुन्या स्पीकरचं चुंबक आणलं, त्याला स्टीलच्या फूटपट्टीचा तुकडा चिकटवला आणि मशीनच्या लोखंडावर खट्‌कन बसवला.

"ऐंशी रुपये गेले माहे. उधार राह्यले तुह्याकडं."

स्वतः त्यांनी कधी गाईड लावली नाही. डाव्या हाताचा अंगठा हीच त्यांची गाईड.

आणखी एक शिकवलं होतं. जाड कापडात शिवण अर्ध्यात सोडायची नाही. पुन्हा सुरू केली की तिथं सांधा दिसतोच.

"आभाळ पडलं तरी टोकापर्यंत जायचं. मंग पाहू काय पडलं ते."

पहिल्या पगारात ऐंशी रुपये द्यायला गेलो. त्यांनी माझी मूठ बंद केली.

"राहू दे बे. देणं असलं की माणूस येत राह्यते."

गेल्या वर्षी शुगरनं त्यांची नजर गेली. पूर्ण नाही, पण शिवण हलायला लागली. एका शेतकऱ्यानं हूड परत आणलं, म्हणाला पाणी गळतं. तो हे माझ्याशी बोलला, काकांशी नाही. त्यांच्याशी असं कोण बोलणार?

मग मी एक गोष्ट केली.

काका संध्याकाळी घरी गेले की त्यांच्या वाकड्या शिवणी उसवायचो. त्याच रंगाचा दोरा, तेवढाच लांब टाका. गाईड लावून पुन्हा शिवायचो. सकाळी घडी जशीच्या तशी.

गिऱ्हाईक खूश. "मास्तर, हात अजून जवान आहे तुमचा." काका हसायचे. त्या दिवसांत ते गुणगुणत काम करायचे.

बावीस दिवस.

तेविसाव्या सकाळी त्यांनी आदल्या दिवशीचं हूड मांडीवर घेतलं आणि शिवणीवरून अंगठा फिरवत नेला. टोकाला अंगठा थांबला.

काका टोकाला तीन टाके उलटे घेत. मी पाच घेतो. उसवेल या भीतीनं घेतो, सवयच आहे. रंग जुळवला, दोरा जुळवला, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

"हे शिलाई माही नोहे, गोप्या."

मी हातातली कात्री खाली ठेवली.

"कितीक दिवसांपासून?"

"बावीस."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले,

"म्या समजलो, डोळे सुधरून राह्यले."

डबा उचलला आणि घरी गेले. पुन्हा दुकानात आले नाहीत.

चार महिने झाले.

दुकानापासून त्यांचं घर सहाशे बारा पावलं. दोनदा निघालो होतो. दोन्ही वेळा पिठाच्या गिरणीपासून परत फिरलो. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. रोज वाटायचं, उद्या जाऊ. तीन दिवसांपासून ते अंथरुणावर आहेत, हे कळल्यावरही वाटलं की उद्या जाऊ.

काल गिरणी ओलांडून पूर्ण गेलो.

काकूंना विचारलं, "मला काय सांगत होते?"

"नुसतं गोप्या, गोप्या. पुढचं काही समजलं नाही बाप्पा."

आता ते कधीच समजणार नाही. शिवी होती, की माफी, की नुसतं पाणी मागत होते. सहा मिनिटं. मशीन थांबवून धावलो असतो तर पोचलो असतो. मी मनात दहादा हिशेब लावला, दरवेळी पोचतोच.

ते हूड अजून मशीनवर आहे. शिवण टोकापर्यंत सरळ आली आहे, एक टाकाही हललेला नाही. मला तिच्याकडे पाहवत नाही.

मित्रहो, ज्यांच्याकडे जायचं राहिलंय त्यांच्याकडे जा, असं लिहिणार होतो. पण कोणत्या तोंडानं लिहू?

काल हाराला चाळीस रुपये गेले, अगरबत्तीला दहा.

देणं ऐंशी.

काका, देणं होतं, तरी मी आलो नाही. तुमच्या गोप्याचा हा शेवटचा नमस्कार.