भावाच्या वाटची दारू

आमच्या घराण्यात दारू लागते ती पुरुषांनाच, असं आई ठाम धरून चालली होती. आजोबा दारूपायी गेले, वडील त्याच वाटेला लागलेले. म्हणून भाऊ शाळेत जायला लागला तसा आईनं त्याला शेवगावला मामाकडे धाडला. मामाच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा चालत नसे. रक्त काही बदलता येत नाही, निदान घर तरी बदलू, असं तिचं म्हणणं.

सुट्टीत भाऊ आमच्याकडे श्रीगोंद्याला आला की घरात नुसता तमाशा. साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास वाऱ्यावर आला की आई खिडक्या लावून घ्यायची आणि भावाच्या नाकाला ओला टॉवेल बांधायची. त्याला खोकल्याचं औषध बंद, सोडा बंद. एवढंच काय, इडलीचं आंबवलेलं पीठसुद्धा त्याच्यापासून लपवायची. आणि मी कुठं होते? मी त्याच वाऱ्यात अंगणात धुणं वाळत घालत होते. संध्याकाळी वडिलांना ग्लास, पाणी आणि शेंगदाणे नेऊन देणं हे माझं काम. पोरीच्या जातीला काय होतंय, असं सगळेच धरून चालले होते, आणि मीही.

पुढं मी लग्न होऊन सुप्याला आले, नवरा तिथल्या कंपनीत. भावाचं मात्र कुठं जमेना. मुलीकडचे गावात चौकशी करायचे, आजोबांचा विषय निघायचा, आणि पाहुणे चहाही न घेता उठायचे. आईनं हाय खाल्ली होती. शेवटी एक स्थळ आलं, पण मुलीचा चुलता मोठा वल्ली. पोराला ढाब्यावर जेवायला नेतो आणि पारखतो, म्हणाला. आईनं राखणीला मला बरोबर धाडलं.

ढाब्यावर दुपारी आम्ही तिघं बसलो. चुलत्यानं पिशवीतून बाटली काढली आणि आपलं शास्त्र सांगितलं. "जो न्हाई म्हनतो, तो चोरून पितो. जो पिऊन डुलतो, तो बेवडा. आन् जो पिऊन सरळ चालतो, तो आमचा जावई."

आता घ्या! ज्या पोराला इडलीचं पीठ दाखवलं नाही, त्याच्यापुढं स्टीलचा ग्लास भरून दारू. भावाला नुसत्या वासानंच घाम फुटला. नाही म्हणावं तर सोयरीक मोडते, प्यावी तर तो तिथंच आडवा. माझ्यापुढं तसल्याच स्टीलच्या ग्लासात ताक होतं. चुलत्यानं मटणाची ऑर्डर द्यायला मान वळवली आणि मी ग्लास बदलले. भाऊ ताक प्यायला, मी दारू. चुलता स्वतः पीत भावाचा ग्लास भरत राहिला, मी ताक मागवत आणि ग्लास बदलत राहिले. डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू आणि हातात भावाच्या वाटची दारू. मला हसू आवरत नव्हतं.

शेवटी चुलत्यानं भावाला रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून चालायला लावलं. भाऊ ढेकर देत सरळ चालला. चुलत्याला स्वतःला मात्र वेटरनं धरून गाडीत बसवलं. सोयरीक पक्की झाली.

घरी आईनं भावाचं तोंड हुंगलं. ताकाचा वास. तिनं देवापुढं साखर ठेवली. माझं तोंड कुणी हुंगलं नाही. मी हात धुतले, कणीक मळली, सगळ्यांना पोळ्या करून घातल्या. एक पोळीसुद्धा करपली नाही. मला काही म्हणजे काही झालं नव्हतं, याचा मला केवढा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडिलांना ग्लास नेऊन देताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तेव्हा मात्र मी भ्यायले.

वडिलांना पोट दाखवायला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंना हळूच सगळं सांगितलं. त्या आधी खूप हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, ज्याला पिऊन काही होत नाही त्यानंच जास्त जपायचं, कारण थांब म्हणून सांगणारं त्याचं अंग गप्प असतं. हे रक्तातून येतं आणि लेकींनाही येतं. पण रक्तात असलं म्हणजे व्यसन लागतंच असं नाही. घरात रोज काय दिसतं, हाताशी काय असतं, यावरही असतं. माझ्या बाबतीत दोन्ही जमून आलं होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तिनं खाली ठेवली.

"त्याला बाटलीपासनं लांब काढलं," ती म्हणाली, "आन् तुला बाटलीपाशी बसवलं. लेकीलाबी रगात असतंय, ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई गं."

त्या दिवसापासून वडिलांना ग्लास ती स्वतः नेऊन देते, मला त्या खोलीत फिरकू देत नाही. माहेरी गेले की चपला काढायच्या आत दारात येते. "आ कर," म्हणते. माझ्या डोक्यात पांढरे केस आलेत, जावा-नणंदा ऐकून हसतात. आधी माझं डोकं फिरतं. मग आठवतं, टॉवेल बांधून घेणाऱ्या भावाचा मला लहानपणी किती हेवा वाटायचा, आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून मी आ करते.