पाहुण्याची जागा

आमच्या शहाडच्या गवताच्या वखारीत आगीचं नाव घ्यायची बंदी होती. आगीला म्हणायचं पाहुणा. नाव घेतलं की ती येते, असं आमच्या आईचं म्हणणं, आणि आईपुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. दोन मोठ्या गंज्या, आणि त्यांच्यामध्ये बैलगाडी वळेल एवढी मोकळी जागा. ती पाहुण्याची. तिथे काडीसुद्धा ठेवायची नाही.

शेवंतीवहिनी जुन्नरकडची. तिला बिचारीला हे काय ठाऊक? नवी नवरी असताना आईने तिला बजावलं, "मधली जागा पाहुण्याची, मोकळी ठेवत जा." हिने ती झाडली, सारवली, घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या ठेवला. संध्याकाळपर्यंत वाट बघून मलाच विचारते, "वन्सं, पाहुणे जेवूनच जातील ना?" मी हसून हसून मेले. पुढे सगळं कळल्यावरही तिने ती जागा झाडणं-सारवणं सोडलं नाही.

आई गेली आणि वखार वहिनी बघायला लागली. खरं तर ते काम माझ्या भावाचं. पण पंढरीदादा म्हणजे देवमाणूस. एका पायाने अधू, आणि 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडात कधी आलाच नाही. त्रेपन्न साली कोपरीच्या एका तबेलेवाल्याने वर्षभराचं गवत मागितलं. अट एवढीच, सगळं आत्ताच भरून ठेवायचं. दादा हो म्हणून मोकळा. एवढं गवत मावणार कुठे, तर मधल्या जागेत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हो म्हणायला तुझं काय जातं रे?"

"दुसरं मोठं गिऱ्हाईक आहे कुठे?" दादा म्हणाला. तेही खरंच होतं.

वहिनी चार दिवस हिशोब मांडत बसली. मग म्हणाली, "गिऱ्हाईक गेलं तर एक वर्ष वाईट जाईल. ती जागा गेली तर वखारच जाईल. वर्ष मला काढता येईल." आणि मला घेऊन ती कोपरीला गेली. निम्मं गवत तुमच्याकडे ठेवा, निम्मं आम्ही सांभाळतो, असं तिने शेठला सांगून बघितलं.

"अहो बाई, मधे एवढी जागा पडलीय. ती कोणासाठी राखलीय?"

"आग लागली तर, म्हणून," वहिनी म्हणाली.

माझ्या अंगावर काटाच आला. आमच्या घरातलं कोणी तो शब्द पहिल्यांदाच उच्चारत होतं. शेठ हसला आणि त्याने गवत दुसरीकडून घेतलं. ते वर्ष आम्ही कल्याणच्या टांगेवाल्यांना पेंढ्या विकून कसंबसं काढलं. दादा वहिनीशी कामापुरतंच बोलायचा. तिला ते फार लागायचं, पण आपला निर्णय चुकला असं ती एकदाही म्हणाली नाही.

पुढच्या वैशाखात, भर दुपारी, डावी गंजी पेटली. कशाने ते देव जाणे. दादा मागच्या खोपटात झोपला होता आणि तिथून रस्त्यावर यायला वाट एकच, ती मधली. वहिनी पदर डोक्यावर घेऊन आत घुसली. मी बाहेर नुसती दादा, दादा ओरडत होते. बऱ्याच वेळाने धुरातून दोघं आली. तिच्या खांद्यावर त्याचा हात होता आणि तो पाय ओढत होता.

डावी गंजी राख झाली. उजवीवर माणसांनी त्याच जागेत उभं राहून पाणी मारलं आणि ती वाचली. सारवलेल्या जमिनीवर काडी नव्हती, म्हणून आग सरकली नाही.

जमीन निवल्यावर वहिनीने तिथेच घोंगडी अंथरली. पाण्याचा तांब्या आणून ठेवला. दादाकडे न बघताच ती म्हणाली, "बसा पाहुणे. जेवूनच जायचं."

दादा बसला. काजळलेल्या तोंडाने तिच्याकडे बघत राहिला.

"जाऊ कुठे गं मी आता?" तो म्हणाला.

मी तिथेच भोकाड पसरलं.