कोर्ट उठेपर्यंत

धुरपताबाईचा आवाज गावात सगळ्यांत मोठा. ढोरांनी मोठा केला, असं ती म्हणायची. नवरा गेल्यावर गावची गुरं चारण्याचं काम तिनं हातात घेतलं. सकाळी गावाबाहेरच्या आखरावर लोक घराघरातली ढोरं आणून उभी करत. ती एकच हाक देई आणि गावच्या गुरांचं सगळं गोहन जंगलाकडे चालू लागे.

संध्याकाळी परतताना चामोर्शीची डांबरी सडक ओलांडावी लागे. सडकेच्या मधोमध ती काठी आडवी धरून उभी राही. ट्रक थांबे, एसटी थांबे. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून विचारी, "काय बाई, झाली काय वरात?"

"नवरदेव मागं आहे, थांब जरासा," ती म्हणे. मग सगळ्यांत शेवटी एक म्हातारा रेडा डुलत डुलत सडक पार करी.

त्या दिवशीही एसटी थांबली होती. तिच्या मागून एक पांढरी गाडी आली आणि थांबली नाही. एसटीला वळसा घालून ती सरळ गोहनात घुसली. मुखरूची गाभण गाय उडाली. धुरपताबाईनं नंतर हाच शब्द पुन्हा पुन्हा वापरला, कारण दुसरा सापडला नाही. गाय सडकेच्या कडेला पडून कितीतरी वेळ मान उचलत राहिली. धुरपताबाई पदर ओला करून तिच्या तोंडात पाणी पिळत बसली. गाडी पुढे जाऊन थांबली, चालवणारा पोरगा खाली उतरला, आणि त्यानं आधी गाडीचं नाक वाकून पाहिलं. हे तिनं पाहिलं होतं. हे ती विसरणार नव्हती.

पोरगा आदेश, एका ठेकेदाराचा मुलगा. वळणाच्या अलीकडे पोलिसांची वेग मोजणारी गाडी उभी होती, म्हणून केस तरी झाली. प्रफुल हवालदार बयान घ्यायला घरी आला तेव्हा म्हणाला, "एकशे त्रेचाळीसनं होती, बाई."

"म्हणजे केवढी?"

"तुमी हाक द्याले तोंड उघडाल, तेवढ्यात तं थो गावाच्या पार."

गाय मुखरूची, आणि मुखरू गावचा जाणता माणूस. चार लोक जमवून त्यानं तिला बोलावलं. "गाय तुह्या हाताखाली मेली, बाई. मार्कंड्याले जाय, वैनगंगेत बुडी मार, गावाले जेवन दे. तवरिक आखरावर पाय नोको ठेवू."

"मी मारली काय?"

"मारली कोनं, हे रीत नाई इचारत. कोनाच्या हाताखाली मेली, हे इचारते."

मार्कंड्याला ती दर महाशिवरात्रीला जायची. नदीशी तिचं भांडण नव्हतं. पण पाप धुवायला जायचं म्हणजे पाप केलं हे कबूल करायचं, आणि ते तिच्या घशाखाली उतरेना. ती गेली नाही. लोक पाळीपाळीनं ढोरं चारू लागले. सकाळी ती अंगणात बसून त्यांच्या हाका ऐकत राही. चुकीच्या हाका, चुकीच्या वेळी. गुरं धानात शिरल्याचा गलका झाला की तिच्या हातापायांत वळवळ होई आणि ती तिथेच दात आवळून बसे.

एकच गोष्ट तिनं मनाशी धरली होती. कोर्टात जज म्हणेल, चूक गाडीवाल्याची, बाईची नाही. मग मुखरू आखर कसा अडवतो ते पाहू.

"तुमची गरज नाई पडत, बाई," प्रफुल म्हणाला. "पोट्टा कबूल करनार आहे."

"मंग मले थेच आयकाचं आहे."

मुखरूला तिनं सोबत चल म्हटलं. तो म्हणाला, पाठ दुखून राह्यली.

तालुक्याच्या कोर्टात आदेशचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती दाराशी उभी होती. न्यायाधीश मॅडमनी कागद वाचला, मान वर केली. "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल."

गाईचं पाणी पिणं संपायलाही याहून जास्त वेळ लागतो. दंड झाला. लायसन तीन महिने निलंबित, आत्ताच जमा करा. आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. 'कैद' ऐकून धुरपताबाईला क्षणभर बरं वाटलं. मग कळलं, कैद म्हणजे पंख्याखालचा मागचा बाक. संध्याकाळी कोर्ट उठलं की तो मोकळा.

"मॅडम, चूक कोनाची हे तं..." ती बोलायला लागली. पण पुढचं प्रकरण पुकारलं गेलं होतं. शिपाई म्हणाला, "बाई, खाली बसा."

ती बसली. आदेशच्याच बाकावर, त्याला लागून.

"मावशी, तुमचं काम झालं ना? जा घरी."

"तुह्यं झालं काय?"

"मले बसाचं आहे."

"मंग मी बी बसते. मले कुठी घाई आहे? माह्यं काम तं तूच सोडवलं."

दुपारी कोर्टात थोडी पांगापांग झाली तसा आदेश हळूच उठला. धुरपताबाईनं, ज्या आवाजानं जंगलातलं वासरू परत फिरे त्या आवाजात, हाक मारली: "शिपाईभाऊ! तुमचा कैदी चालला!"

काळे कोट वळून पाहू लागले. कोणी हसलं. आदेश लाल होऊन खाली बसला. "चहा प्याले जाऊन राह्यलो होतो."

"कैदेत चहा नसते, बाबू."

"काय पाहिजे तुमाले?" तो दबक्या आवाजात चिडला. "गाईचे पैसे दिले ना माझ्या बापानं. केव्हाचेच. मुखरूभाऊले इचारा. गावातलं मी मिटवून टाकतो, म्हने थो."

मुखरूची पाठ का दुखत होती ते कळायला तिला फार विचार करावा लागला नाही. त्यानं गाय विकली होती. मेलेली गाय विकली, आणि तिचं मरण धुरपताबाईच्या डोक्यावर ठेवलं. राग तिला आधीही होता, पण तो एका गाडीवर होता. आता तो गावभर पसरला. तरी ती बाकावरून हलली नाही. एकाला सोडून दुसऱ्यामागे धावणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं.

संध्याकाळी मॅडम उठल्या, कोर्ट उठलं. आदेश बाहेर आला आणि खिशातून चाबी काढून सरळ गाडीत बसला. तीच गाडी, नाक नवं बसवलेलं. धुरपताबाई गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, हटा."

"लायसन आत ठेवून आला अन् चाबी घेऊन कुठी चालला?"

"मंग घरी कसा जाऊ?"

"एसटीनं जाय. थे थांबते."

त्यानं हॉर्न दाबला, पुन्हा दाबला. ती जागची हलली नाही. चहाटपरीवरचे लोक जवळ आले, दोन वकील थबकले, कोणीतरी मोबाईल वर धरला. प्रफुल हवालदार इतका वेळ दुसरीकडे पाहत होता. मोबाईल दिसताच तो पुढे आला.

"उतरा खाली. आन् चाबी इकडं."

"साहेब, तुमी तरी..."

"उतर म्हनतो ना!"

आदेश पायी बसस्टँडकडे गेला. लोक हसत पांगले. धुरपताबाई हसली नाही. तीन महिने या पोराला रोज कोण अडवणार होतं?

सकाळी ती आखरावर गेली. ढोरं जमली होती, बायाबापे उभे होते. पाळी नेमकी मुखरूची होती.

"मार्कंड्याले जाऊन आली काय?" मुखरूनं विचारलं.

"तू जाऊन ये. मेल्या गाईचे पैसे तू खाल्ले, अन् पाप माह्या वाट्याले काऊन?"

मुखरूनं आजूबाजूला पाहिलं. "कोनं सांगतलं तुले?"

"ज्यानं मारली त्यानं. तुह्यापरीस थो बरा, कबूल तं करते."

"असं बोलू नाई, बाई. वरून देव पाहते."

"पाहू दे. कोर्टात तं थो बी आला नवता."

ठमाबाई तोंडाला पदर लावून हसली, आणि तिनं आपल्या गाईच्या पाठीवर थाप मारून तिला धुरपताबाईकडे ढकललं. मग आणखी कोणी ढकललं. धुरपताबाईनं हाक दिली. सगळं गोहन एकदम उठून चालू लागलं. तशी ती वळली आणि तिनं मुखरूकडे बोट केलं.

"तुह्यी ढोरं बाजूले घे. त्या पोट्ट्याले तीन महिने भेटले, तुले बी तीन महिने. माह्या गोहनात तुह्यं जनावर नाई पाहिजे."

"हे कोन्त्या कोर्टाचं म्हननं?"

ती चालू लागली. मुखरूच्या दोन्ही गाई सवयीनं तिच्या मागे निघाल्या होत्या. गावच्या जाणत्या माणसाला धोतर सावरत त्यांच्यामागे धावावं लागलं. एकीचं शिंग हातात आलं तोवर दुसरी पार पुढे, गोहनाच्या मधोमध पोचली होती.