भाऊंची बरणी

बरणीचं झाकण उघडण्याआधी भाऊ त्यावर नखानं टिचकी मारायचे आणि हळूच विचारायचे, "येऊ का आत?"

पिंपरीतल्या एका इस्पितळाच्या तपासणी विभागात आम्ही दोघं होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. ऑपरेशनमध्ये काढलेले मांसाचे तुकडे बरण्यांतून आमच्याकडे यायचे. भाऊ ते मेणात बसवून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे, काचेवर रंगवायचे; डॉक्टरबाई ते सूक्ष्मदर्शकातून बघून रोग सांगायच्या.

मी नवा. टिचकीचं हसू यायचं.

"हसू नगंस," भाऊ म्हणायचे. ते मूळ थेरगावचे. "मानसाच्या घरात शिरतोय आपन. न इचारता कसं जायाचं?"

मग एके वर्षी, जेवायला बसलं की भाऊंच्या जबड्याखाली गाठ फुगू लागली. लोणच्याच्या नुसत्या वासानं टरारून यायची, तासाभरात उतरायची. पुढं उतरेचना. दगडासारखी घट्ट झाली. सर्जननी कॅन्सरची शंका बोलून दाखवली आणि आतली लाळेची ग्रंथी काढून टाकली.

"मी येईस्तोवर कापायची न्हाई," भाऊंनी निरोप धाडला. आठवड्यानं ते मानेला पट्टी बांधून हजर झाले. बरणीवर त्यांचंच नाव.

त्यांनी टिचकी मारली, विचारलं आणि कान झाकणाला लावून थांबले. असे ते कधी थांबत नसत. चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं, भाऊ?"

"'ये' म्हनलं कुनीतरी. आवाज माझाच."

तरी त्यांनी तुकडा नेहमीसारखाच पातळ कापला.

आता पेशींतली प्रथिनं रंगवून पुष्कळ काही कळतं. तेव्हा आमच्याकडे निळा आणि गुलाबी, दोनच रंग. पण तेवढ्यानं भागलं. बाई हसून म्हणाल्या, "कॅन्सर नाही, भाऊ! नळीत खडा अडकला होता. लाळ तुंबली, सूज आली, लाळ करणाऱ्या पेशी सुकून गेल्या. बघा, नुसते तंतू उरलेत. तिथं आता कुणी राहत नाही."

भाऊंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून स्वतः बघितलं.

"मग 'ये' म्हनलं कोन?"

बाईंना गंमत वाटली. मला घाम फुटला.

उरलेला तुकडा त्यांनी बाईंकडून मागून घेतला. संध्याकाळी मी फाटकाशी उभा होतो. भाऊ बरणी छातीशी धरून थेरगावच्या वाटेला लागले होते. काहीतरी बोलत होते. दोन वाक्यं बोलायचे, मग थांबायचे, मान डोलवायचे आणि पुन्हा चालू लागायचे.

दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत.