मास्तरांच्या गुडघ्याचं बटण

माझ्या मावशीला सगळी गल्ली 'मास्तर' म्हणते. शाळेतली नव्हे, शिवणकामातली. गिऱ्हाईक दारात उभं राहिल्याबरोबर "तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे" असं त्याच्या तोंडावर सांगणारी. एकतीस वर्षं ती एकाच पायमशीनवर बसते आहे. मोटर लावून घे म्हटलं की म्हणते, "मोटरला पळता येतं रे. मला थांबायचं असतं." अर्ध्या टाक्यावर थांबताना मी तिला स्वतः पाहिलं आहे.

ही बाई स्टुलावरून पडली. वरच्या फळीवरचा अस्तराचा तागा काढताना स्टूल कलंडलं, उजवा पाय जमिनीवर टेकला आणि बाकीची मास्तर पायाला न विचारता दुसरीकडे वळली. गुडघ्यात कट्कन आवाज झाला. काका धावत आले तेव्हा बायको फरशीवर आणि तागा तिच्या दोन्ही हातांत, डोक्याच्या वर.

"आधी हा घ्या," ती म्हणाली. "फरशी ओली आहे."

गुडघ्याचे सर्जन तरुण निघाले. मावशीला पाहून उठून उभे राहिले. "मास्तर, ओळखलंत? माझ्या शाळेच्या पँटी तुम्हीच शिवायचात."

"कंबर ओळखीची वाटते," मावशी म्हणाली. "आता वाढली आहे."

त्यांनी एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला. "लिगामेंट तुटलेलं नाही. ते खाली हाडाला जिथे धरलेलं असतं, तिथला हाडाचा तुकडाच उपटून वर आला आहे."

"म्हणजे दोरा शाबूत, पण बटण कापडासकट निघालं."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "अगदी तेच."

"मग नुसतं टाचून भागायचं नाही. पलीकडून आधार द्यावा लागेल."

"देणार आहे. लिगामेंटमधून दोरा घ्यायचा, नडगीच्या हाडात दोन बारीक भोकं पाडून तो पुढे ओढायचा, आणि तिथे धातूच्या बटणावर गाठ मारायची."

"किती भोकांचं बटण?"

"चार."

"बरं आहे. दोनाचं हलतं."

मग तिने खरा प्रश्न विचारला, आणि तो विचारताना तिचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "गुडघा काटकोनात वाकेल ना? तेवढा वाकल्याशिवाय पाय मशीनखाली जात नाही."

"तुकडा जागेवर जुळून आला तर वाकेल. आणि सांगितलं तेवढंच केलंत तर."

दुसऱ्या अटीवर काकांना खोकला आला.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं, त्यामुळे पाय झोपला आणि तोंड जागं राहिलं. दुर्बिणीतलं सगळं समोरच्या पडद्यावर दिसत होतं. पुढचं मला डॉक्टरांनीच सांगितलं. दोरा भोकातून ओढताना मावशीचा आवाज आला, "पीळ पडलाय." भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी झोपेचं औषध देऊ का म्हणून विचारलं. सर्जनांनी पडद्याकडे नीट पाहिलं. पीळ खरोखरच पडला होता. "राहू द्या," ते म्हणाले, "जाग्याच असू द्या."

इथपर्यंत मास्तरांची कीर्ती दवाखान्यात पसरली होती आणि मीही नातं सांगत मिरवत होतो. मग मास्तरांनी घरी येऊन घोळ घातला.

पाय सरळ राहावा म्हणून मांडीपासून घोट्यापर्यंत एक जाड ब्रेस दिला होता, चार पट्ट्यांचा. मावशीने दोन दिवस तो सहन केला. त्रास पायाला नव्हता, डोळ्यांना होता. शिवण वाकडी, कडा लोंबणाऱ्या आणि फिटिंग म्हणजे पोत्याचं. तिसऱ्या दिवशी काका आंघोळीला गेलेले पाहून तिने चारही पट्टे ब्लेडने उसवले, दीड-दीड इंच आत घेतले आणि हातशिवणीने पक्के केले. सुंदर काम! शोरूममध्ये ठेवावा असा ब्रेस झाला. संध्याकाळपर्यंत पोटरी टम्म फुगली आणि बोटं बधिर झाली.

डॉक्टरांनी पट्टे कात्रीने कापले. हे मावशीला फार लागलं. बोटांत जीव येईपर्यंत ते एकेक बोट दाबून पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, माझ्या पँटीला आतून दोन इंच जादा कापड का सोडायचात?"

"वाढत्या अंगाला जागा लागते."

"सुजलेल्याला?"

मावशी गप्प बसली. काकांनी नंतर मला फोन केला तो याच बातमीसाठी. सुजेचा नंबर दुसरा होता. पण गुडघ्याचा नवा फोटो येईपर्यंतची वीस मिनिटं तिने काकांचा हात सोडला नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तुकडा केसभरही हलला नव्हता.

सहा आठवड्यांनी नवा, ढिला ब्रेस सुटला आणि वाकवण्याचे व्यायाम सुरू झाले. मावशी खुर्चीत बसायची, टाच मागे ओढायची आणि काका फरशीवर शिवणाच्या खडूने रेघ मारायचे. रेघा रोज थोड्या सरकत. सत्तर अंशांना त्या अडल्या आणि नऊ दिवस एकाच जागी साचून राहिल्या. त्या नऊ दिवसांत तिने कुणाचाही खांदा खाली असल्याचं सांगितलं नाही. घर सुतकी झालं.

"अगं, मोटरवालं घेऊ या," काका हळूच म्हणाले.

"अहो, रेघ मारा," ती म्हणाली आणि दात आवळून टाच ओढली. तिच्या ओठावर घाम होता. दहाव्या दिवशीची रेघ बोटभर खुर्चीकडे सरकली.

अडीच महिन्यांनी तिचा निरोप आला: ये. मी गेलो. काका, शेजारीण, आणि वाटेत सहज थांबलो असं सांगणारे डॉक्टर दुकानात दाटीने उभे होते. मावशी स्टुलावर बसली. पाय मशीनखाली गेला, गुडघा काटकोनात आला, तळवा पायडलवर टेकला. मशीन धावलं. हातभर शिवण घालून ती अर्ध्या टाक्यावर थांबली. आम्ही टाळ्या वाजवल्या. एरवी त्या खडखडाटाला शिव्या देणारे काका चष्मा पुसायला लागले आणि डॉक्टर छाती काढून उभे राहिले, जणू मशीन त्यांनीच शोधलं.

मावशीने कापड उजेडात धरलं, डोळे बारीक केले आणि ब्लेड उचललं.

"काय झालं?" आम्ही सगळेच ओरडलो.

"दोन टाके वाकडे गेलेत," ती म्हणाली आणि सगळी शिवण उसवायला लागली.